लोणार: विवर न बुजवता ओहळ काढताना

लोणारच्या विवरातल्या आणि भोवतालच्या ओहळांचा नकाशा बराच पुढे सरकला आहे. कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम, म्हणजे ३० मीटरच्या चौकोनी सेलमागे एक उंची देणारा उपग्रही डेटा, उतरवून मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाच्या झोन ४३ मध्ये आणला आणि विवराभोवतीचा पट्टा कापून घेतला. पट्टा काठापेक्षा चांगला मोठा ठेवा; बाहेरून पाणी येण्याची शक्यता असलेल्या सेलना आर.वॉटरशेड (ग्रास या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं ओढे काढायचं टूल) उणे आकडे देतं.

खरा पेच सिंकचा, म्हणजे पाण्याला बाहेर वाट नसलेल्या खळग्यांचा. ओढे काढण्याआधी सिंक भरायचे, हे आपल्या हाताला बसलेलं. एरवी ते बरोबरच, कारण बहुतेक खळगे खरे नसतात, डेटातल्या चुका असतात. लोणारचं विवर मात्र सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल, आणि सरोवरातलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. फिलचं टूल मुद्दाम चालवून पाहिलं, तर त्याने काठाच्या सर्वात खालच्या जागेपर्यंत अख्खं विवर बुजवलं.

म्हणून ग्रासचं आर.वॉटरशेड. त्याला फिल केलेला डीईएम लागत नाही, शिवाय खरे खळगे दाखवणारा वेगळा डिप्रेशन रास्टर (सेलचा थर) देता येतो. सरोवराचा पॉलिगॉन काढला, रास्टर करून आत १ भरला, बाकी सगळं नल, म्हणजे रिकामं. आता आतल्या उतारांवरचं पाणी सरोवराशी येऊन थांबतं. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच उचललेला, त्यामुळे बाहेरचे ओहळ चारी दिशांना पांगतात. एकाच काठाच्या दोन बाजूंना दोन उलट जाळी, फार सुंदर दिसतं हे!

थ्रेशोल्ड, म्हणजे किती सेलचं पाणी जमलं की ओढा धरायचा तो आकडा, इथे जपून. एक सेल ९०० चौरस मीटरचा, म्हणजे अख्ख्या विवरात जेमतेम २,८०० सेल. पाणी चहूबाजूंनी उतरत असताना १,००० ठेवला, तर आत रेघ उमटणं अवघडच. १०० वर, म्हणजे ९ हेक्टरांवर, ईशान्येची धारेची घळ ठसठशीत आली. ५० च्या खाली उभ्या कड्यांवर समांतर रेघांचं रान माजतं. त्यांच्यावर माझा भरवसा नाही. हा डीईएम झाडांचे शेंडेही मोजतो आणि आतल्या उतारांवर दाट झाडी आहे.

पुढचं काम टोपोशीटवरच्या (छापील सर्वेक्षण नकाशावरच्या) ओढ्यांच्या निळ्या रेघांशी ताळा घेण्याचं. शिवाय उत्तरेला जवळच असलेलं अंबर तळं डिप्रेशन धरायचं की त्यातून पाणी वाहू द्यायचं, हे ठरवायचंय. भर पावसात ते कोणी पाहिलं असेल, तर पाणी कुठल्या बाजूने सांडतं ते जरूर सांगा.