शेवटचा अंश: स्कीइंग न येणाऱ्या बायकांनी दक्षिण ध्रुवावर कसं जावं

आमच्या गटातल्या बहुतेक जणींनी तयारीला लागेपर्यंत पायात स्की कधी बांधल्याच नव्हत्या. तरीही ८९ अंश दक्षिण अक्षांशापासून ध्रुवापर्यंतचं, म्हणजे 'शेवटच्या अंशाचं', १११ किलोमीटर अंतर आम्ही आपापला पल्क, म्हणजे सामानाची घसरगाडी, ओढत पार केलं. 'मला स्कीइंग येत नाही' एवढ्याच कारणाने ज्या मागे फिरतात त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. या मोहिमेत स्की हा सगळ्यात सोपा भाग असतो.

इथे उतारावरून सुसाट येणं नसतंच. ध्रुवाभोवतीचं बर्फाचं पठार जवळजवळ सपाट असतं, स्कीच्या तळाला चिकटवलेली 'स्किन'ची पट्टी पाय मागे घसरू देत नाही, आणि पाय न उचलता सरकवत राहायचं असतं. हे चार-पाच दिवसांत जमतं. वेळ लागतो तो जाड मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे, न काढता तंबू उभारायला, वाऱ्यात स्टोव्ह पेटवायला आणि घाम येण्याआधी एक थर उतरवायला. या सवयी हातात बसल्या नसतील तर उत्तम स्कीपटूसुद्धा दोन दिवसांत बोटं गमावण्याच्या वाटेवर असते.

अशा बायका आधीही गेल्या आहेत. १९९७ मध्ये वीस ब्रिटिश महिला चार-चारच्या पाच तुकड्यांनी, रिले पद्धतीने उत्तर ध्रुवापर्यंत पोचल्या. त्यांतल्या बहुतेक जणी नोकरी, घर, मुलं सांभाळणाऱ्या होत्या. दोन अनुभवी महिला मार्गदर्शक मात्र सगळ्या तुकड्यांबरोबर होत्या. २००९ मध्ये ब्रिटिश मोहीमवीर फेलिसिटी ॲस्टनच्या नेतृत्वाखाली राष्ट्रकुल देशांतल्या महिलांची तुकडी सुमारे ९०० किलोमीटर स्की करत दक्षिण ध्रुवावर गेली. काही जणींच्या देशात बर्फच पडत नाही. त्याच तुकडीतल्या रीना कौशल धर्मशक्तू या स्कीवरून दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. दोन्ही वेळा निवड आणि सराव कसून झाला होता, हे विसरू नका.

सरावासाठी आम्ही नॉर्वेत फिन्सेला गेलो. ओस्लो-बर्गन रेल्वेवरचं हे १२२२ मीटर उंचीचं स्टेशन. तिथे रस्ता जात नाही, गाडीतून उतरलं की समोर बर्फाचं पठार. ध्रुवीय मोहिमांचा नेता शॅकल्टन याने १९१४ मध्ये अंटार्क्टिकाला निघण्याआधी इथेच सामान पारखलं होतं. फिन्सेची थंडी ओली आणि वारा वाईट, म्हणूनच शिकायला जागा चांगली. इथे एक पूर्ण आठवडा तरी तंबूत काढा, हॉटेलात नको. घरी असताना कमरेला हार्नेस, म्हणजे ओढायचा पट्टा, बांधून टायर ओढत चाला. कंटाळवाणं आहे, पण पल्कला लागणारी पाठ, कंबर आणि धीर यातूनच तयार होतात.

प्रत्यक्ष प्रवास चिलीतल्या पुंता अरेनासहून सुरू होतो. तिथून विमान चार तासांहून थोडं जास्त उडून अंटार्क्टिकातल्या युनियन ग्लेशियर या हिमनदीवरच्या निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं. आडवा वारा असेल तर उड्डाणच होत नाही, मग थांबायचं. तो वेळ वाया गेला म्हणून चिडू नका. चॉकलेट आणि चीजचे छोटे तुकडे करून रोजच्या पिशव्या भरा, कारण पुढे अख्खी वडी दगड होते आणि दात लागत नाही. कपड्यांच्या आणि तंबूच्या प्रत्येक चेनला (झिपला) मिटनमध्ये पकडता येईल एवढा दोरीचा फास बांधा. मिटनना मनगटात अडकणारी दोरी हवीच. पठारावर वाऱ्याने उडालेलं मिटन परत मिळत नाही.

८९ अंशावर छोटं विमान सोडून जातं तेव्हाच आपण जवळपास २८०० मीटरवर असतो. ध्रुवाजवळ हवेचा दाब कमी, त्यामुळे शरीराला उंची आणखी जास्त वाटते. पहिले दिवस मुद्दाम थोडंच चाला. तासभर चाल, मग पाच-दहा मिनिटं विश्रांती, असा क्रम. थांबल्याबरोबर पहिलं काम मोठं डाऊन (पिसं भरलेलं) जॅकेट चढवणं. पाणी, खाणं, फोटो सगळं त्यानंतर. दिवसाला पाच हजार कॅलरींच्या आसपास खावं लागतं, आणि भूक नसतानाही खावंच लागतं.

विश्रांतीत एकमेकींचे चेहरे तपासायचे, हा नियम आम्ही कधी मोडला नाही. एकदा माझ्या तंबूसोबतिणीच्या नाकाच्या शेंड्यावर मसुराएवढा पांढरा ठिपका दिसला. तिला काहीच जाणवत नव्हतं, आणि धोका तोच असतो. चोळायचं नाही. उबदार तळवा त्यावर नुसता ठेवायचा, रंग परतेपर्यंत. तिची कातडी वाचली.

आता खास आपल्या गोष्टी, ज्या माहितीपत्रकात क्वचितच असतात. मांड्यांच्या पुढच्या भागाला वाऱ्याने जखमा होतात, आधी खाज, मग फोड, मग चिघळणं. पँटवरून पिसांची किंवा सिंथेटिक भरणाची आखूड चड्डी किंवा स्कर्ट सुरुवातीपासून घाला, खाज सुटल्यावर नाही. उभ्याने लघवीसाठी फनेल वापरणार असाल तर घरी पूर्ण कपड्यांनिशी सराव करा. तंबूतली लघवीची बाटली पाण्याच्या बाटलीपेक्षा स्पर्शाने वेगळी ओळखता आली पाहिजे. पाळीचं काय करायचं ते काही महिने आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. कप वापरणार असाल तर धुवायला वितळवलेलं पाणी लागतं, म्हणजे जास्त इंधन. ८९ अंशापुढे विष्ठाही पिशवीत भरून पल्कवर परत आणायची असते. लाजायला तिथे जागाच नाही, आणि ते फार बरं आहे.

तंबूत स्टोव्ह चालू असताना वरचा झरोका उघडा ठेवा, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आत येण्याआधी ब्रशने अंगावरचा बर्फ झाडा. तंबूसोबतीण मैत्रीवर निवडू नका. सकाळी जिचा हात तुमच्याइतक्याच वेगाने चालतो ती निवडा.

व्हाइटआउटमध्ये जमीन-आकाश एक होतं आणि सास्त्रुगी, म्हणजे वाऱ्याने कोरलेले बर्फाचे उंचवटे, पाय अडखळल्यावरच कळतात. पुढची जण छातीवरच्या होकायंत्राकडे बघत चालते, बाकीच्या तिच्या पल्ककडे. पुढे चालण्याची पाळी सगळ्यांनी घ्यावी, नवख्यांनी तर नक्कीच.

ध्रुवावरचं अमेरिकेचं अमुंडसेन-स्कॉट संशोधन केंद्र दिसायला लागल्यावरही बराच वेळ चालावं लागतं. ठरवून दिलेल्या वाटेनेच जायचं, कारण एका बाजूला हवेच्या संशोधनासाठी राखलेला भाग आहे. बारा झेंड्यांमधला चकचकीत गोल फोटोसाठीचा. खरा ध्रुव जवळच्या खांबाशी. बर्फ वर्षाला सुमारे दहा मीटर सरकत असल्याने तो खांब दर १ जानेवारीला नव्या जागी रोवतात. फोटो काढताना आतलं पातळ हातमोजं तरी हातात राहू द्या. चालणं थांबलं की शरीर पटकन गार पडतं, आणि परतीचं विमान हवा मोकळी झाल्यावरच येतं. पुंता अरेनासहून पुढचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.