बुडीत रेषेवरचे शंभर लोखंडी पुरुष

हाउटन हॉल पाहण्याचा हट्ट माझा होता, बाबांचा नव्हता, हे आधीच कबूल केलेले बरे. पाटबंधारे खात्यात 35 वर्षे काढून निवृत्त झालेल्या आणि लेकीकडे सहा आठवड्यांसाठी लंडनला आलेल्या माणसाला नॉरफोकमधल्या कुणा सरदाराचा वाडा आणि त्याच्या आवारात मांडलेले पुतळे दाखवण्यासाठी किंग्ज लिनपर्यंत रेल्वेने आणि तिथून पुढे टॅक्सीने न्यावे, हे माझ्या नवऱ्याला मुळीच पटले नव्हते. टॅक्सीच्या जाण्यायेण्याला जवळजवळ दोघांच्या रेल्वे तिकिटांइतकेच पैसे पडणार आहेत, हे मी घरी सांगितलेही नाही. सप्टेंबर 2024 मधला तो दिवस कोरडा होता, एवढेच त्यातल्या त्यात समाधान.

हा वाडा रॉबर्ट वॉलपोल यांनी 1720च्या दशकात बांधायला घेतला. ब्रिटनचे पहिले पंतप्रधान म्हणून ज्यांची गणना होते, तेच हे वॉलपोल. त्यांनी जमवलेला अप्रतिम चित्रसंग्रह पुढे नातवाने, कर्जाच्या ओझ्यापायी, 1779 मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिला 40,000 पौंडांच्या आसपास विकून टाकला. दोनशेहून अधिक चित्रे जहाजाने सेंट पीटर्सबर्गला गेली. त्यांतली पुष्कळशी 2013च्या उन्हाळ्यात काही महिन्यांपुरती उसनी आणून पुन्हा याच भिंतींवर टांगली होती. ही हकीकत मी बाबांना रंगवून सांगत होते, तेव्हा ते कुठे टेकता येईल का ते शोधत होते. अशा घरांमध्ये खुर्च्या भरपूर असतात आणि त्यांतल्या बहुतेकींवर बसायला मनाई असते. शिंपल्याच्या आकाराची भव्य उशालची फळी असलेला हिरव्या मखमलीचा पलंग पाहून ते फक्त म्हणाले, "यावर झोप कशी लागत असेल?" मग मी वाड्याचा नाद सोडला आणि त्यांना बाहेर घेऊन गेले.

बाहेरच खरे पाहण्यासारखे होते. हाउटनला गेली काही वर्षे उन्हाळी हंगामात बहुधा एकाच मोठ्या कलावंताचे काम मांडले जाते. 2017 मध्ये रिचर्ड लाँग होते, 2019 मध्ये हेन्री मूर, 2020 मध्ये अनीश कपूर, जन्माने मुंबईचे. (मूर यांचे एक माता-बालक शिल्प सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात आहे. आमच्या गावापासून ते एसटीने दोन तासांवर आहे आणि मी अजून पाहिलेले नाही. इथे मात्र टॅक्सी करून आले.) आम्ही गेलो त्या वर्षी ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली यांची मांडणी होती. तिचे नाव 'टाइम होरायझन', म्हणजे काळाचे क्षितिज. सुमारे 300 एकरांच्या आवारात बिडाचे 100 पुरुष, प्रत्येक जण माणसाएवढा, सरासरी 191 सेंटीमीटर उंच आणि 620 किलो वजनाचा.

"म्हणजे बासष्ट टन," बाबा ताबडतोब म्हणाले. "भंगारात घातलं तरी बरे पैसे येतील."

पहिला पुतळा आम्हाला गवतातून वर आलेल्या नुसत्या डोक्याच्या रूपात भेटला. गंजाचा रंग उन्हात वाळलेल्या विटेसारखा झाला होता आणि कानामागच्या खाचेत एका कोळ्याने जाळे विणले होते. पुढचा छातीपर्यंत पुरलेला होता, त्यापुढचा गुडघ्यापर्यंत. लांबवर एक जण चक्क काँक्रीटच्या खांबावर चढून उभा होता. मला हे सुरुवातीला थोडे नाटकी वाटले, असे लिहायला हरकत नसावी. गॉर्मली तरुणपणी भारतात येऊन सत्यनारायण गोएंका यांच्याकडे विपश्यना शिकले होते, ही माहिती मी अशा वेळी उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवली होती. गोएंका म्हटले की आपल्याला इगतपुरी आठवते, त्यामुळे बाबांना एकदम जवळीक वाटेल असा माझा हिशेब होता. "तरीच यातला एकही हलत नाही," एवढे बोलून ते पुढे गेले.

आणि मग पोटरीपर्यंत पुरलेल्या एका पुतळ्याशेजारी ते थांबले. बराच वेळ थांबले. दम लागला असेल म्हणून मी पाण्याची बाटली काढली, तर त्यांनी हातानेच मला गप्प केले, काठी डोळ्यांसमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि काठीवरून दूरपर्यंत नजर लावली. सगळ्या नोकरीत त्यांनी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायचे दुर्बिणीचे यंत्र, लावताना हीच मान वाकडी केली असणार.

"सगळ्यांची आर.एल. एकच आहे," ते म्हणाले. आर.एल. म्हणजे ठरावीक आधारापासून मोजलेली पातळी.

मी वाकून त्यांच्या डोळ्याच्या उंचीवर आले. जवळच्या पुतळ्याचा टाळू, त्याच्यामागच्या उतारावरच्या पुतळ्याचा टाळू, झाडांच्या रांगेपलीकडे काडीएवढ्या दिसणाऱ्याचा टाळू, सगळे एका आडव्या रेषेत होते. पुतळे जमिनीला धरून उभे केलेले नव्हते. अधांतरी एक पातळी ठरवून घेतली होती आणि जमीन जिथे वर आली तिथे पुतळा गाडला होता, जिथे खाली गेली तिथे त्याच्या पायाखाली खांब दिला होता. नॉरफोक म्हणजे परातीसारखा सपाट, असे मी वर्षानुवर्षे ऐकत आणि सांगत आले आहे. त्या रेषेवरून पाहिल्यावर समोरचा मुलूख केवढा उंचसखल आहे, ते कळले.

त्यानंतर बाबांना कुठे बसायचे आठवले नाही. ते एका सखल भागात उतरले. तिथे एक पुतळा जवळजवळ चार मीटर उंच खांबावर होता आणि आम्हाला त्याचे तळवेच दिसत होते. बाबा खांबाला टेकून वर पाहत राहिले.

"इथे साधारण सहा मीटर पाणी," ते म्हणाले. "आपण आत्ता बुडालोय."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत ते कृष्णा खोऱ्यातल्या एका धरणावर होते. धरण पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येणार, ती पातळी आधी कागदावर आखली जाते आणि मग प्रत्यक्ष डोंगरउतारांवर, झाडांवर, घरांच्या भिंतींवर चुन्याने खुणा केल्या जातात. त्या बुडीत रेषेच्या खालचे सगळे जाते. लहानपणी मी हे त्यांच्याकडून नुसते धरणाच्या माहितीसारखे ऐकले होते. आता ते सांगत होते की एका घराच्या ओसरीच्या वरच्या पायरीवर खूण आली होती आणि घरातली म्हातारी त्यांना विचारत होती की खालच्याच पायऱ्या पाण्यात जाणार असतील, तर आम्ही का उठायचे? त्यांचे वय तेव्हा 24 होते. त्यांनी तिला काय उत्तर दिले, ते मी विचारले नाही. समोर उतारावर छातीपर्यंत पुरलेल्या पुरुषाचा टाळू पाण्याच्या रेषेला टेकलेला होता आणि आम्ही मोकळ्या जागेत, त्यांच्या हिशेबाने, तळाशी होतो. पांढऱ्या हरणांचा एक कळप आमच्यावरच्या अंगाने चरत गेला, त्याकडेही त्यांचे लक्ष नव्हते.

भिंतींनी वेढलेली बाग आम्ही दहा मिनिटांत उरकली. चहा महाग होता आणि केक बरा.

परतीची टॅक्सी चारला ठरली होती. चालकाने सकाळी फार आपुलकीने शब्द दिला होता. साडेचार झाले, पाच झाले, फोनला पुरेशी रेंज नाही, आणि रेंज आली तेव्हा तो फोन उचलेना. मी नवऱ्याला काय सांगायचे याची जुळवाजुळव करत फाटकाबाहेर येरझारा घालत होते. बाबा मात्र समोरच्या घरांच्या ओळीकडे पाहत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकासारखी एक, चुन्याने रंगवल्यासारखी पांढरीशुभ्र घरे. मी त्यांना सांगितले की हाउटनचे जुने गाव आतल्या आवारात होते, ते वॉलपोल यांच्या नव्या उद्यानाच्या आड येत होते, म्हणून पाडले आणि 1729 मध्ये माणसांना इथे बाहेर आणून वसवले. चर्च तेवढे आत राहिले, वॉलपोल यांना तिथेच पुरले आहे.

"घरं दिली, ती दिसतायत," बाबा म्हणाले. "जमीन दिली का?"

मला माहीत नव्हते. ते उठले आणि पहिल्या घरापासून दुसऱ्या घरापर्यंतचे अंतर पावलांनी मोजू लागले. टॅक्सी आली तेव्हा ते चौथ्या घरापाशी होते आणि त्यांनी चालकाला हाताने थांबायची खूण केली.