बापूंनी ग्रुप सोडला

रविवार, रात्रीचे साडेअकरा

बापूंनी ग्रुप सोडला. करड्या अक्षरांतली एक ओळ, तिच्याखाली अर्ध्या तासाने कुणीतरी टाकलेला सुविचार, की संपला विषय. माझा संपत नाहीये. जाता जाता त्यांनी लिहिलं, "मत देऊन काय उपटलंत?" रोख माझ्याकडेच होता. वाद तर आमचे कायमचेच. मग आजच एवढं का लागावं?

डाव्या तर्जनीच्या नखावर शाई अजून आहे. कातडीवरची केव्हाच गेली. शाईतलं सिल्व्हर नायट्रेट कातडीतल्या मिठाला चिकटतं, उजेड लागला की काळं पडतं. कातडी झडते तशी खूण निघते, नखाला मात्र वाढूनच सुटावं लागतं. १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई आहे, म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातली. तिची कुपी टेबलावर नुसती ठेवायची नसते. रुंद बुडाच्या वाटीत किंवा रिकाम्या डब्यात वाळू घ्यायची आणि कुपी पाऊण भाग तिच्यात रुतवायची. नाहीतर गर्दीत कुणाचा तरी कोपर लागतो आणि मतदार यादी जांभळी होते. बोट तेलकट दिसलं तर आधी फडक्याने पुसायचं, कारण तेलावर शाई धरत नाही आणि काही लोक तेल मुद्दाम लावून येतात. मग नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ. मत द्यायच्या आधी, म्हणजे बाहेर पडेपर्यंत ती वाळते.

आणि ती तर्जनीच नसेल तर? डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट. त्या हाताला बोटंच नसतील तर उजव्याची तर्जनी, तीही नसेल तर उजव्याचं दुसरं बोट. दोन्ही हातांना एकही बोट नसेल तर हाताचं जे टोक उरलं असेल ते. सरकारी नियमात इतकी माया क्वचित सापडते. की संशय म्हणायचा? बोट नाही म्हणून मत चुकू नये, आणि बोट नाही म्हणून दोनदाही मिळू नये.

काय उपटलं.

ग्रुपवर एकानेही "बापू, असं नका बोलू" म्हटलं नाही. सुविचाराला सात अंगठे आले. आपण सगळ्यांना समजावत बसायचं, याद्या तपासून द्यायच्या, कुणाचं केंद्र कुठे ते शोधून द्यायचं, आणि शेवटी ऐकून घ्यायचं आपणच. राहू दे.

खरं तर बापूंचं म्हणणं एवढंच की कुणावरच विश्वास राहिला नाही. पण ती सगळी पद्धतच मुळी कुणी कुणावर विश्वास ठेवू नये अशी बेतलेली आहे, हे त्यांना कधी नीट सांगताच आलं नाही. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची तालीम. उमेदवारांचे प्रतिनिधी समोर, किमान ५० मतं, नोटासकट प्रत्येकाला काही ना काही. मग यंत्रावरची बटणं: क्लोज, रिझल्ट, आकडे व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या डब्यातल्या, चिठ्ठ्यांशी ताडायचे, मग क्लिअर. याच क्रमाने. घोळ होतो तो इथेच. बाहेर रांग लागलेली, सातला दहा मिनिटं, केंद्राध्यक्ष ही बटणं दाबायचीच विसरतो. ती ५० मतं पोटात ठेवून यंत्र खरं मतदान सुरू करतं. मग यंत्रातला आकडा आणि १७-क, म्हणजे मत द्यायला आलेल्यांच्या नोंदवहीतला आकडा जुळत नाही, मोजणीच्या दिवशी ते यंत्र बाजूला काढावं लागतं, आणि एका माणसाच्या घाईला राज्यभर कारस्थान म्हणतात. चिठ्ठ्यांचंही तसंच: डब्यातून काढून, प्रत्येकीवर शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. त्यानंतर यंत्राला हिरवी कागदी मोहोर. तिच्यावर केंद्राध्यक्षाची सही, हवी असेल तर प्रतिनिधींची, आणि तिचा क्रमांकही त्यांनी उतरवून घ्यायचा.

आदल्या दिवसापर्यंत एकमेकांचे फलक फाडणारे पक्ष. त्यांची माणसं एकाच बाकावर, दिवसभर, एकाच पंख्याखाली. पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्याने वाचतो ते त्यांच्यासाठीच. ऐकून कुणाला वाटलं की हा माणूस तो नव्हेच, तर दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा. दोन रुपये! केंद्राध्यक्षाने पावती द्यायची, तिथेच चौकशी करायची. आक्षेप सिद्ध झाला नाही तर समोरच्याने मत द्यायचं, आणि तो उगाच घेतलेला निघाला तर दोन रुपये जप्त. आमच्या ग्रुपवर प्रत्येक आरोपाला दोन रुपये ठेवले असते तर दिवाळीपर्यंत सहल निघाली असती.

आणि उलट झालं तर? आपण पोचलो आणि आपल्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलंय. लोक तिथे शिव्या देत परत जातात. परत जायचं नसतं. ओळख पटली तर कागदी मतपत्रिका मागायची, प्रदत्त मत म्हणतात त्याला. यंत्रावर देता येत नाही, पाकिटात वेगळं ठेवतात, पण आपण आलो होतो हे कागदावर राहतं.

नाव मोठ्याने वाचण्यावरून आठवलं. पहिल्या निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई. आयोग म्हणाला, असं चालणार नाही, नाव पाहिजे. कठोरच. त्या वेळी मत गेलं ते गेलंच त्यांचं. पण पुढच्या खेपेला कुणीतरी भर वर्गात मोठ्याने त्यांचं नाव वाचलं असेल, त्यांचं स्वतःचं. आत्याला हे सांगायचं राहूनच गेलं.

बापू म्हणतात, नुसता गोंगाट झालाय. झालाय. पण १९७५च्या जूनपासून आणीबाणीचे एकवीस महिने गोंगाट नव्हता, आणि तेव्हा लोक घरातसुद्धा कसे हळू बोलायचे हे मला सांगितलं कुणी? बापूंनीच. नळ सोडून बोलायचे म्हणे. तोच माणूस आज भसाभसा लिहितो, वर मंत्र्यांची नावं घेऊन लिहितो, आणि रात्री गाढ झोपतो. घोरतोसुद्धा. काय उपटलं म्हणे!

मला लागलं ते बहुतेक एवढ्यासाठी, की मीही मनात तेच म्हणत होतो. रांगेत उभं असतानाही. त्यांनी फक्त मोठ्याने वाचलं.

मतदान संपायच्या वेळेची एक गोष्ट मला फार आवडते. सहा वाजले की रांगेत असतील त्यांना केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या देतो, आणि त्या शेपटाकडून वाटत येतो. एक नंबर शेवटच्या माणसाला. पुढून वाटत गेलं तर वाटून होईपर्यंत मागे माणसं चिकटत राहतात, रांग संपतच नाही. मागून सुरुवात केली की दार आपोआप बंद. मग आठ वाजोत, नऊ वाजोत, चिठ्ठीवाल्या प्रत्येकाचं मत घेतल्याशिवाय केंद्र बंद करता येत नाही. शेवटी १७-ग नमुना भरायचा, किती मतं पडली ते, आणि प्रती त्या बाकावरच्या सगळ्यांना सही घेऊन द्यायच्या. दिवसभर एकमेकांकडे डोळे वटारून बसलेले, आणि सगळ्यांच्या खिशात तोच आकडा.

हे लिहिता लिहिता मेसेज आला. बापूंचा, मला एकट्यालाच. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "पत्ता बदललाय तर मतदार यादीसाठी सहा नंबरचा फॉर्म भरायचा की आठ? तुझ्या काकूचाही करायचाय."

आठ, बापू. २०२२ आधी दुसऱ्या मतदारसंघात गेलं की सहा लागायचा, आता मतदारसंघ तोच असो की दुसरा, आठच. सहा भरलात तर नाव दोन ठिकाणी येईल आणि तुम्हीच म्हणाल बघा, याद्यांत घोळ आहे. नव्या घराचं लाइटबिल जोडा.

निळी टिक आली. उत्तर नाही.