शिशात अडकलेला चिखल

सप्तमीचा भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेला दिवस. मढच्या जेट्टीवरून पहाटे निघालो, बोटीवर दोन गिऱ्हाइकं, दोघांनाही भाकस, हा तळाशी राहणारा चपटा मासा, गळाने गरवायचा होता. उधाणाला मुंबईच्या पाण्यात हलकं सामान उतरवलं तर शिसं वाहत जातं. भांगाला वीस ग्रॅम तळाशी टिकतं.

सामान साधंच: सात किलो ताण सोसणारी ब्रेड (विणलेला दोरा), तिच्यात मोकळं ओवलेलं अंडाकृती शिसं, मणी, स्विव्हल (फिरती कडी), पुढे नऊ किलोची दीड फूट फ्लोरोकार्बन (पारदर्शक कडक दोरा) आणि १/० मापाचा सर्कल गळ, टोक आत वळलेला. ही फ्लोरोकार्बन लांब ठेवली तर आमिषाची बोय मासळी वर पोहत राहते, आणि भाकस असतो तळात, अंगावर वाळू ओढून. बोय बोटभर, जिवंत, खालून वर दोन्ही ओठांतून टोचलेली. पाठीत टोचली तर रीळ ओढताना गरगरते, दोऱ्याला पीळ बसतो. (लेप हा दुसरा चपटा मासा असल्या बोयीच्या वाटेला जात नाही, त्याचं तोंड चिमुकलं. भाकसाचा जबडा मोठा, दात टोकदार.)

दहा वाव (साधारण साठ फूट) पाण्यात तासाभरात पाच टिचक्या आल्या, मासा एकही नाही. बोयी वर यायच्या त्या मधोमध दातांचे वण घेऊन. म्हणजे मासा धरत होता, पण गिळण्याआधी सोडत होता.

"गळ मोठा झाला का हो?" एकाने विचारलं.

मी शिसं हातात घेऊन दोरा ओढला. सरकेना. भोकात करडा चिखल गच्च बसला होता. वाळूत हे शिसं छान चालतं. इथल्या गाळात ते रुततं, मासा बोय घेऊन निघाला की वीस ग्रॅमचं ओझं त्याच्या तोंडाला लागतं आणि तो थुंकतो.

शिसं काढलं. त्याच्या जागी स्नॅप-स्विव्हलची (उघडमीट चाप असलेल्या स्विव्हलची) कडी दोऱ्यात मोकळी ओवली आणि स्नॅपला चार बोटं तंगुसावर (नायलॉनच्या दोऱ्यावर) चपटं शिसं टांगलं. शिसं गाळात, कडी गाळाच्या वर. तंगूस मुद्दाम तीन किलोचा: खडकात अडकलं तर शिसंच जातं, बाकीचं वाचतं.

पुढच्या टिचकीला म्हटलं, "दादा, झटका नको. दहा मोजा, मग नुसतं रीळ फिरवा."

भाकस आला, गळ जबड्याच्या कोपऱ्यात. पकडीने सोडवला. फ्लोरोकार्बन गळाजवळ नखाला खरखरीत लागली. तेवढी वीतभर कापून गाठ नव्याने मारली.