गोदाघाटावर किल्ली तुटली: नाशिकला गाडी नेणाऱ्यांसाठी

पुण्याहून नाशिकचा रस्ता बहुतेकांच्या पायाखालचा आहे. चाकणची कोंडी सुटली की नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत साधारण 210 किलोमीटर. ऐन पावसाळ्यात आई-बाबांना काळाराम, रामकुंड आणि दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर असं दर्शनाला घेऊन गेले होते. काळारामाला दर्शन निवांत झालं. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो याच मंदिराच्या दाराशी, त्यामुळे बाबा तिथे बराच वेळ उभे होते. मग रामकुंड, आणि परत गाडीपाशी. गाडी खाली नदीकाठच्या पटांगणात लावली होती. तिथे सगळेच लावतात.

किल्ली तुटली ती इथे. चाकं वळवून उभी केलेली गाडी, त्यात थोडा उतार, त्यामुळे स्टिअरिंग लॉकवर ताण आलेला. किल्ली जड फिरत होती, थोडी फिरली आणि कट् आवाज झाला. काळं प्लास्टिकचं डोकं हातात, पातं आत. कडेला केसभर पितळी रंगाची चीर दिसत होती, बाकी भोक बुजलेलं. डॅशबोर्डवर रेडिओ मात्र सुरू झाला होता, म्हणजे लॉक एसीसीच्या (इंजिन बंद, पण रेडिओला वीज मिळते त्या) खुणेवर येऊन थांबलं होतं.

एरवी हा नुसता वैताग असता. पण त्याच वेळी भोंग्यावरून सांगत होते की गंगापूर धरणातून विसर्ग वाढवतायत, नदीपात्रातली वाहनं हलवा. टपरीवाल्यांनी सामान वर न्यायला सुरुवात केली होती. बाहेरगावच्या लोकांनी एक खूण लक्षात ठेवावी: पात्रातला दुतोंड्या मारुती. पूर किती चढला हे नाशिककर त्या मूर्तीवरूनच सांगतात. पाणी पायाशी आहे की कमरेला, एवढं ऐकलं की त्यांना कळतं. त्या दिवशी पाणी पायाशी होतं आणि चढत होतं.

बाबा म्हणाले, "अगं, चिमट्याने ओढून काढ." आईच्या पर्समध्ये भुवयांचा चिमटा होताही. पार्किंगच्या पोराने हात आडवा केला. "ताई, हात नका लावू, आत सरकलं तर कामच झालं. चावीवाले काका आहेत, बोलावतो." त्या पोराचे उपकार आहेत. अशा वेळी पुजारी, फुलवाले, पार्किंगवाले यांनाच आधी विचारावं. घाटावर कोण किती वेळात येऊ शकतो हे त्यांना पाठ असतं, आणि ते सांगतात.

काका स्कूटरवर आले, आधी आरसी मागितली. माझी डिजिलॉकरमध्ये होती, ती दाखवली. हे मला फार आवडलं. जो चावीवाला गाडी कुणाची हे विचारत नाही, त्याच्याकडून किल्ली करून घेऊ नये. मग त्यांनी टॉर्च मारून आत पाहिलं आणि म्हणाले, "तुकडा आत्ता काढायचा नाही. तो आत आहे म्हणूनच गाडी चालू होईल."

हेच सगळ्यांना कळायला हवं, म्हणून नीट सांगते. कुलपाच्या नळीत पत्र्याच्या छोट्या पट्ट्या असतात, स्प्रिंगवर. योग्य पातं आत गेलं की त्या सगळ्या एका रेषेत येतात आणि नळी फिरते. पातं तुटलं तरी पूर्ण आत असेल तर पट्ट्या रेषेतच असतात. नळीला वळवायला फक्त काहीतरी पकड हवी. दुसरी गोष्ट म्हणजे इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. त्याची चिप पात्यात नसून प्लास्टिकच्या डोक्यात असते आणि इग्निशनभोवतीची रिंग ती वाचते. म्हणून ते डोकं रागाने भिरकावू नका, खिशात जपून ठेवा. त्यातली ती छोटी चिप पडून हरवली तर किल्लीच्या खर्चात चिपचा आणि कोडिंगचा खर्च वाढतो.

काकांनी मला डोकं इग्निशनला अगदी चिकटवून धरायला सांगितलं. स्वतः बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर त्या चिरेत टेकवला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत ताण सोडवला आणि हळूच फिरवलं. डॅशवरचा किल्लीचा दिवा विझला, इंजिन लागलं. गाडी वर रस्त्यावर नेईपर्यंत त्यांची एकच ताकीद होती: चालत्या गाडीत स्क्रू ड्रायव्हर लॉकच्या दिशेने अजिबात वळवू नका, स्टिअरिंग जाम होईल. हे काम जाणत्या माणसानेच करावं आणि गाडी फक्त धोक्याबाहेर काढण्यापुरतंच करावं. त्याच किल्लीने पुण्याला परत यायचा विचारसुद्धा करू नये.

तुकडा नंतर वर, सपाट जागी काढला. आधी नळी लॉकच्या खुणेवर आणली, कारण मधल्या खुणांवर तुकडा अडकूनच राहतो. मग वंगणाच्या स्प्रेचा एक थेंब, आणि टोकाला बारीक आकडा असलेली तार पात्याच्या दात्यांच्या बाजूने सरकवून हलक्या झटक्याने बाहेर. फेविक्विक लावून डोकं परत चिकटवायचा सल्ला आजूबाजूच्या दोघांनी दिला होता. काका त्यांच्यावर चिडलेच. गोंद पट्ट्यांमध्ये गेला की सगळं इग्निशन बदलावं लागतं.

नवं पातं तुकडे जुळवून, मशीनवर कापून मिळालं आणि जुन्या डोक्यात बसलं. चिप तीच, त्यामुळे कोडिंग लागलं नाही. भाव आधीच ठरवा, आणि नुसतं पातं की चिपसकट नवी किल्ली हे स्पष्ट विचारा, दोन्हींच्या पैशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या घरी पुण्याला जादा किल्ली होती, पण आत तुकडा असताना ती हातात असती तरी भोकात गेली नसती. जादा किल्ली जरूर बाळगा, पण तिच्यावर विसंबू नका.

वाट बघावी लागणार असेल तर रेडिओ, पंखा, दिवे बंद करा. लॉक एसीसी किंवा ऑनवर अडकलेलं असतं, बॅटरी हळूहळू उतरते. फारच वेळ लागणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवतात, पण मग रिमोटने दारं लॉक होणार नाहीत, तेव्हा सामान आधी बाहेर काढा. हे हायवेवर झालं असतं तर गाडी कडेला घेऊन 1033 लावला असता, राष्ट्रीय महामार्गांसाठी तो नंबर आहे. शहरात मात्र पॉलिसीवरचा रोडसाइड असिस्टन्सचा नंबर उपयोगी पडतो. किल्लीचं कव्हर तुमच्या विम्यात आहे का, आणि ते हरवलेल्या किल्लीलाच आहे की तुटलेल्यालाही, हे निघण्याआधी वाचून घ्या. नव्या गाडीबरोबर किल्लीचा नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळते, तिचा फोटो फोनमध्ये असू द्या. दोन्ही किल्ल्या गेल्या तर त्या नंबरावरून पातं कापता येतं.

पंचवटीपुरतं सांगायचं तर पावसाळ्यात गाडी नदीपात्रात नेऊच नका. मुक्कामाच्या जागी लावा आणि रिक्षाने या, किंवा सिटीलिंकच्या बसने निमाणीला उतरा. तिथून रामकुंड पायी जाण्यासारखं आहे, म्हाताऱ्या माणसांनाही जमतं, आमच्या आईला जमलं. 2027 च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत, त्यामुळे घाटाकडचे रस्ते आणि पार्किंगच्या जागा बदलत राहतात. गुगलपेक्षा चौकातल्या पोलिसाला विचारलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला नव्या किल्लीने गेलो. तीसेक किलोमीटर, धुकं, अंजनेरीच्या डोंगरावर पांढरे ओघळ. किल्लीच्या जुडग्यातून घराच्या आणि कपाटाच्या किल्ल्या त्याच रात्री काढून टाकल्या होत्या, कारण लोंबतं वजन वर्षानुवर्षं लॉकला आणि पात्याच्या मानेला खातं. तुमच्या किल्लीची मान आत्ताच बघा. दात्यांच्या वरच्या बाजूला पांढरी रेघ किंवा किंचित वाक दिसला, किंवा किल्ली एकदा हलवल्याशिवाय फिरत नसेल, तर निघण्याआधी गावातच नवी करून घ्या, आणि ती दारांच्या कुलपांत व इग्निशनमध्येही फिरवून बघा. दारात चालणारी किल्ली कधी कधी इग्निशनमध्ये अडते.