तुम्ही विचारलंत म्हणून : मोसम अर्ध्यावर आल्यावर नियम बदलणं हा रडीचा डाव आहे का?

मी फॉर्म्युला वन बघतो असं कळलं की लोक फिरून फिरून एकच विचारतात. मोसम अर्ध्यावर आला की नियम बदलतात, पुढे असलेल्या ड्रायव्हरला रेडिओवरून बाजूला व्हायला सांगतात, मग यात शर्यत उरली कुठे? हा रडीचा डाव नाही का? एका वाक्यात सांगण्यासारखं उत्तर नाही म्हणून एरवी मी विषय बदलतो. आता इतक्या जणांनी विचारलंत, तर जरा बैठक मारूनच सांगतो.

नियम बदलला एवढ्यावरून मी चिडत नाही. मी दोनच गोष्टी बघतो: बदल कधी जाहीर केला, आणि त्या दिवशी तो कुणाला झोंबणार हे सगळ्यांना आधीच दिसत होतं का.

सुरक्षिततेसाठी केलेले बदल मी या वादातून बाहेरच काढतो. १९९४ मध्ये इटलीतल्या इमोलाच्या ट्रॅकवर ३० एप्रिलला ड्रायव्हर रोलँड रॅट्झेनबर्गर अपघातात मरण पावला आणि दुसऱ्याच दिवशी आयर्टन सेना. पुढच्या काही आठवड्यांत गाड्यांचे डिफ्यूझर (पोटाखालची हवा मागून बाहेर सोडणारा भाग) छाटले गेले, जर्मनीच्या शर्यतीपासून गाडीच्या पोटाखाली फळी बसवणं सक्तीचं झालं. त्याच फळीने बेल्जियममध्ये मायकल शूमाकरचा विजय हिरावून घेतला, कारण ती प्रमाणाबाहेर झिजलेली निघाली. तरी या बदलांसाठी मोसम संपेपर्यंत थांबायला हवं होतं असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. २०१३ चं प्रकरण थोडं नाजूक होतं. ब्रिटनमध्ये सिल्व्हरस्टोनला धावत्या गाड्यांचे टायर एकामागून एक फुटले आणि टायर पुरवणाऱ्या पिरेलीने मोसमाच्या मध्यातच टायरची रचना बदलली. लोटस आणि फोर्स इंडिया या संघांचं जुन्या टायरशी छान जमलं होतं, त्यांचं ते गणित विस्कटलं. उलट दुसऱ्या संघाच्या सेबॅस्टियन फेटलने बेल्जियमपासून ब्राझीलपर्यंत सलग ९ शर्यती जिंकल्या. फोर्स इंडियाच्या चाहत्यांची चुटपुट मला कळते. पण सरळ रस्त्यावर भर वेगात टायरच्या चिंधड्या उडत असताना गुणतालिकेकडे बघत बसणं कुणाला शोभलं नसतं.

खरी गोम 'स्पष्टीकरण' नावाच्या प्रकारात आहे. मोसम सुरू झाल्यावर तांत्रिक नियम बदलायचा तर, सुरक्षिततेचं कारण सोडून, जवळजवळ सगळ्या संघांची संमती लागते. आणि इतके संघ कशावर एकमत होतील याची वाट बघायची तर मोसम संपून जाईल. म्हणून एफआयए, म्हणजे या खेळाची जागतिक नियामक संस्था, नियमाचा शब्द तसाच ठेवते आणि त्याचा अर्थ कसा लावायचा किंवा माप कसं घ्यायचं तेवढं नव्याने सांगते. कागदावर काहीच बदललेलं नसतं. कारखान्यात मात्र रात्रपाळ्या सुरू झालेल्या असतात.

२००३ चा ऑगस्ट घ्या. हंगेरीत फर्नांडो अलोन्सोने कारकिर्दीतली पहिली शर्यत जिंकली, आणि जिंकता जिंकता शूमाकरला अख्ख्या एका फेरीने मागे टाकलं. गुणतालिकेत शूमाकर ७२, हुआन पाब्लो मोन्टोया ७१, किमी रायकोनेन ७०. तीन शर्यती बाकी. शूमाकरची फेरारी ब्रिजस्टोनच्या टायरवर धावायची, उरलेले दोघे मिशलिनवर. नियम असा होता की पुढच्या टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा २७० मिलिमीटरपेक्षा रुंद नको, आणि तोवर हे माप नव्या टायरवर घेतलं जाई. हंगेरीनंतर फेरारी आणि ब्रिजस्टोनच्या बाजूने ओरड झाली की मिशलिनचा टायर झिजला की त्याची कडही रस्त्याला टेकते, म्हणजे पट्टा रुंद होतो. एफआयएने सांगून टाकलं, यापुढे वापरलेला टायरही मोजू. मिशलिनला इटलीतल्या मॉन्झाच्या शर्यतीआधी घाईघाईने पुढचे टायर बदलावे लागले. मॉन्झाची शर्यत शूमाकरने जिंकली, त्यापुढची अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचीही. विजेतेपद त्याने ९३ विरुद्ध ९१ गुणांनी मिळवलं.

टायर बदलायला लावले म्हणूनच तो जिंकला असं मी म्हणणार नाही. मॉन्झाला मोन्टोया दुसरा आला, इंडियानापोलिसला रायकोनेन दुसरा. मिशलिनच्या गाड्या काही रांगत नव्हत्या. फेरारीचा मुद्दाही बिनबुडाचा नव्हता. शर्यत झिजलेल्या टायरवरच होते, मग माप फक्त कोऱ्या टायरचं का? पण हा प्रश्न मार्चमध्येही विचारता आला असता. तिघे एकेका गुणाच्या अंतरावर आणि तीन शर्यती शिल्लक, अशा वेळी मोजण्याची पद्धत बदलणं म्हणजे परीक्षेचा शेवटचा अर्धा तास उरलेला असताना गुण देण्याची रीत बदलण्यासारखं आहे. नवी रीत अधिक चांगली असली म्हणून काय झालं?

२००६ मधला प्रकार मला त्याहून खटकतो. रेनो संघाने गाडीच्या नोजमध्ये (पुढच्या निमुळत्या टोकात) स्प्रिंगवर एक वजन बसवलं होतं, त्याला मास डँपर म्हणत. गाडी कर्बवरून (वळणाच्या उंच कडेवरून) उसळली की हे वजन उलट्या लयीत हलायचं, उसळी मुरायची आणि पुढचे टायर रस्त्याला धरून राहायचे. साधी, स्वस्त, हुशार कल्पना. २००५ च्या अखेरीपासून ती वापरात होती. फ्रान्सच्या शर्यतीनंतर रेनोचा अलोन्सो फेरारीच्या शूमाकरपेक्षा १७ गुणांनी पुढे होता आणि नेमकं तेव्हाच एफआयएला वाटू लागलं की हे 'हलणारं एअरोडायनॅमिक साधन', म्हणजे गाडीवरून वाहणाऱ्या हवेवर परिणाम करणारं आणि म्हणून बेकायदा, आहे. जर्मनीतल्या शर्यतीच्या पंचांनी, म्हणजे स्टुअर्डनी, ते वैध ठरवलं, तेव्हा एफआयएने स्टुअर्डच्या निर्णयाविरुद्ध अपील केलं आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने बंदीवर शिक्का मारला. नोजच्या आत बंद असलेलं, बाहेरच्या वाऱ्याचं तोंडही न पाहिलेलं वजन एअरोडायनॅमिक ठरलं, का, तर त्यामुळे गाडी स्थिर राहते आणि गाडी स्थिर राहिली की हवा नीट वाहते. या हिशेबाने सस्पेन्शनची प्रत्येक स्प्रिंग बेकायदा ठरायला हवी. चीनच्या शर्यतीनंतर दोघे ११६ गुणांवर बरोबरीत आले होते. पुढे जपानमध्ये सुझुकाला शूमाकरचं इंजिन गेलं आणि अलोन्सोने १३४ विरुद्ध १२१ ने विजेतेपद राखलं. तो जिंकला म्हणून हे प्रकरण पचलं, एवढंच.

मग मध्यावर काहीच करू नये का? तसंही नाही. २०२५ मध्ये पुढच्या विंगच्या (गाडीच्या नाकापाशी असलेल्या आडव्या पात्याच्या) लवचीकतेची चाचणी कडक करायची होती. एफआयएने ते जानेवारीत, एकही शर्यत झालेली नसताना, जाहीर केलं आणि अंमल जूनमधल्या स्पेनच्या शर्यतीपासून ठेवला. सगळ्यांना तारीख ठाऊक होती, नव्या विंगचा खर्च आणि वेळ धरून प्रत्येकाने आखणी केली. मॅक्लारेनला याचा फटका बसेल अशी आशा बऱ्याच जणांना होती. स्पेनमध्ये मॅक्लारेनच पहिली आणि दुसरी आली. मोसमाच्या मध्यात लागू झालेला असूनही या बदलाला मी नावं ठेवत नाही.

नियमाला चिकटून राहिलं की न्याय आपोआप होतो असंही समजू नका. २००५ मध्ये इंडियानापोलिसला मिशलिनचे टायर तिरक्या चढाच्या वळणावर टिकणार नाहीत हे शर्यतीच्या आधीच कळलं. संघांनी तिथे शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारं जादा वळण, बसवायची विनंती केली. एफआयए म्हणाली, ज्यांनी योग्य टायर आणले त्यांच्यावर हा अन्याय होईल. तर्क बिनतोड होता. मिशलिनवरच्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर, म्हणजे शर्यतीआधीच्या फेरीनंतर, पिटमध्ये (टायर बदलायच्या जागेत) शिरल्या आणि ६ गाड्यांची 'शर्यत' झाली. नारायण कार्तिकेयन चौथा आला, त्याचे ५ गुण मला प्रिय आहेत, पण तिकिटं काढून आलेल्या प्रेक्षकांना तोंड दाखवायची हिंमत त्या दिवशी कुणातच नसावी.

आता टीम ऑर्डर, म्हणजे संघाने आपल्याच एका ड्रायव्हरला दुसऱ्यासाठी वाट द्यायला सांगणं. इथे माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे: मला त्यात गैर वाटत नाही. गाड्या दोन असल्या तरी संघ एक असतो, आणि संघांचंही स्वतंत्र विजेतेपद असतं. १९५६ मध्ये मॉन्झाला पीटर कॉलिन्सने आपली गाडी संघसाथी फॅन्जिओला देऊन टाकली, स्वतःला विजेतेपदाची संधी असताना, आणि लोक आजही त्याचं कौतुक करतात. २००२ मध्ये ऑस्ट्रियाला रुबेन्स बॅरिकेलोने शेवटच्या रेषेपाशी वेग कमी करून फेरारीतल्या आपल्या संघसाथीला, शूमाकरला, पुढे जाऊ दिलं तेव्हा त्याच प्रेमळ जनतेने पोडियमवरची हुर्यो उडवली. ती हुर्यो रास्त होती, कारण ती शर्यत मोसमातली सहावीच होती आणि शूमाकर मैलभर पुढे होता. गरज नसताना हावरटपणा केला. गंमत म्हणजे फेरारीला १० लाख डॉलरचा दंड झाला (त्यातला निम्मा स्थगित) तो पोडियमवर जागांची अदलाबदल केल्याबद्दल. टीम ऑर्डरविरुद्ध तेव्हा नियमच नव्हता.

तो पुढच्या मोसमापासून आला. तुमच्यातले काही जण जी बंदी मागता, ती आठ मोसम लागू होती. झालं काय? आदेश थांबले नाहीत, फक्त त्यांची सांकेतिक भाषा झाली. २०१० मध्ये जर्मनीत हॉकेनहाइमला फेरारीचा फेलिपे मासा पुढे होता, त्याचा संघसाथी फर्नांडो अलोन्सो मागे. रेडिओवर त्याला शांतपणे सांगण्यात आलं की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे, हा निरोप तुला कळला का? शेंबड्या पोरालाही अर्थ कळला असता. मासाने वाट दिली आणि अलोन्सो जिंकला. दंड झाला १ लाख डॉलर, निकाल तसाच राहिला. एफआयएने २०११ पासून बंदी काढून टाकली, आणि ते बरंच झालं. निदान आता खोटं बोलावं लागत नाही. अलोन्सोला त्या सात गुणांचा उपयोगही झाला नाही. अबु धाबीच्या शेवटच्या शर्यतीत फेरारीने विजेतेपदाच्या शर्यतीतल्या मार्क वेबरवर डोळा ठेवून अलोन्सोला पिटमध्ये बोलावलं, तो दुसऱ्या संघाच्या पेट्रोव्हच्या मागे अडकून बसला आणि फेटल विजेता झाला. डावपेचाने दिलेलं डावपेचानेच गेलं.

लपवाछपवीला मात्र क्षमा नाही. २००८ मध्ये सिंगापूरला रेनोच्या नेल्सन पिके ज्युनिअरने संघाच्या सांगण्यावरून मुद्दाम गाडी भिंतीवर घातली, सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार आली आणि त्याचा फायदा होऊन त्याचा संघसाथी अलोन्सो जिंकला. बाहेर आलं ते पुढच्या वर्षी. त्याला डावपेच म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, तिथून उठतो.

राहता राहिला परवाचा मॉन्झा, कारण हल्ली सगळ्यात जास्त तेच विचारता. २०२५ मध्ये मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसचा पिट स्टॉप (टायर बदलायचा थांबा) रेंगाळला, त्याचा संघसाथी ऑस्कर पियास्त्री त्याच्या पुढे निघाला, आणि मॅक्लारेनने पियास्त्रीला दुसरा क्रमांक परत द्यायला लावला. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात ३ गुणांचा फरक. मोसमाच्या शेवटी नॉरिस ४२३, दुसऱ्या संघाचा मॅक्स व्हर्स्टापेन ४२१. बाकी सगळं तसंच धरलं तर या एका आदेशावर जगज्जेता ठरला. पियास्त्रीवर अन्याय झाला का? थोडा झाला, संथ पिट स्टॉप हाही शर्यतीचाच भाग असतो. पण आदेश सगळ्या जगाला ऐकू येईल असा दिला गेला, तेव्हा मोसमाच्या कितीतरी शर्यती बाकी होत्या आणि त्या ३ गुणांवर काय टांगलेलं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी ते बसतं. व्हर्स्टापेनच्या चाहत्यांना हे मान्य नाही. २०२१ मध्ये अबु धाबीला व्हर्स्टापेनचा संघसाथी सर्जिओ पेरेझ त्याचा विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी लुईस हॅमिल्टन याला अडवून धरत होता, तेव्हा मात्र त्यांना त्यात निव्वळ संघभावना दिसली होती.