चपला काढू का?

विलेमस्टाड, कॅरिबियनमधलं कुरासाओ बेट. गुरुवार, रात्रीचे नऊ.

सकाळी दारातच गोंधळ झाला. पिवळ्या भिंतींचं ते ज्यूंचं उंच प्रार्थनाघर, आत डोकावलं तर जमिनीवर सगळीकडे वाळू. हात आपसूक सँडलच्या पट्ट्याकडे गेला. तिकिटाच्या बाई हसल्या. म्हणाल्या, राहू द्या, पायात घालूनच जायचं. पुरुषांनी डोकं झाकायचं, एवढंच. ह्यांना एक छोटी गोल टोपी मिळाली, ती वाऱ्यानं दोनदा उडाली. इथला वारा बाई फार वाह्यात.

चपला घालून देवाच्या दारात शिरणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. म्हणजे गेले, पण अंग चोरून.

गावात ह्याला नुसतं ‘स्नोआ’ म्हणतात. सिनेगॉगसाठीच्या जुन्या पोर्तुगीज शब्दाचंच हे रूप. खरं नाव मिक्वे इस्राएल-इमॅन्युएल. इमारत १७३२ ची, आणि तेव्हापासून इथली प्रार्थना चालूच आहे. अमेरिकेच्या दोन्ही खंडांत इतकं जुनं आणि अजून नांदतं असं दुसरं सिनेगॉग नाही. आत काळपट महोगनीचं काम, वर पितळेची थोरली झुंबरं, विजेची नव्हे, मेणबत्त्यांची. चार जाडजूड खांबांना चार आद्यमातांची नावं: सारा, रिबेका, लेआ, राहेल. छताचा भार बायकांवर! ह्यांना म्हटलं, बघा. ह्यांनी टोपी सावरली.

वाळूबद्दल माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी तीन कारणं दिली. ज्यूंचे पूर्वज मिसरमधून सुटल्यावर चाळीस वर्षं वाळवंटात भटकले, त्याची आठवण. दुसरं, अब्राहामाला मिळालेलं वचन, की तुझी संतती समुद्रकाठच्या वाळूइतकी होईल. आणि तिसरं, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या काळात घरात लपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जमिनीवर वाळू पसरत.

मी ॲम्स्टरडॅमचं १६७५ चं पोर्तुगीज सिनेगॉग पाहिलंय. तिथेही लाकडी जमिनीवर वाळू आहे. तिथे कारण साधं सांगतात: बुटांची ओल आणि धूळ टिपते, आवाज कमी होतो. कुरासाओचे ज्यू तिथूनच आले, तेव्हा सवयही तिथूनच आली असणार, भीतीची गोष्ट मागाहून चिकटली असेल, असं मनात आलं. मग थोडं चालून पाहिलं. खरंच आवाज येत नाही. स्वतःचाही नाही. ते काही मला बरं वाटलं नाही.

कारण भीती तर खरी होती. पोर्तुगालमधले ज्यू सक्तीनं ख्रिस्ती झाले, तरी संशय सुटला नाही. काही ॲम्स्टरडॅमला निसटले आणि तिथे उघडपणे पुन्हा ज्यू झाले. काही डचांच्या ताब्यातल्या ब्राझीलमध्ये गेले, पण १६५४ मध्ये पोर्तुगीजांनी तिथलं रेसिफे शहर परत घेतलं नि त्यांना पुन्हा गाठोडी बांधावी लागली. कुरासाओत पहिली वसाहत १६५१ ची. शेती करायला म्हणून आले. ह्या कोरड्या, निवडुंगाच्या बेटावर शेती कसली होणार? व्यापारात शिरले.

ह्या व्यापाराचंही लिहून ठेवते, नाहीतर फक्त झुंबरंच आठवतील. डच कंपनीनं कुरासाओला गुलामांचा मोठा बाजार केला होता, आणि इथल्या इतर धनिकांसारखे ज्यू व्यापारीही त्यात होते, घरी गुलाम बाळगून होते. १७९५ मध्ये ‘तुला’ नावाच्या गुलामाच्या पुढारीपणाखाली गुलाम उठले, तो उठाव चिरडला. गुलामगिरी संपली १८६३ मध्ये. स्वतः छळातून सुटून आलेल्यांनी माणसं विकत घेतली. ह्याला मी काय म्हणू? आमच्याकडच्या घरंदाज वाड्यांच्याही अशा गोष्टी आहेतच, आम्ही त्या पाहुण्यांना सांगत नाही.

अंगणातल्या संग्रहालयात कबरींच्या दगडांचे साचे लावलेत. एकावर आभाळातून आलेला हात कुऱ्हाडीनं झाड तोडतोय. मूळ दगड गावाबाहेरच्या बेथ हाइम दफनभूमीत, १६५९ पासूनची ती. तिच्या शेजारी विसाव्या शतकात तेलशुद्धीकरणाचा कारखाना आला आणि त्याच्या धुरानं अक्षरं खाऊन टाकली. वाचायचं ते आता साच्यांवरच.

आणि एक गंमत. इथल्या पापियामेंतू भाषेतल्या सर्वांत जुन्या पत्रांपैकी एक १७७५ चं आहे, एका ज्यू पुरुषानं प्रेयसीला लिहिलेलं. एवढ्या खटाटोपातून जी भाषा कागदावर उतरली ती प्रेमापायी!

दुपारभर गार्सिया द ओर्ता डोक्यात होते. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्यांचं नाव आहे तेच वैद्य. तेही त्याच सक्तीच्या ख्रिस्त्यांपैकी. मुंबई बेट त्यांच्याकडे खंडानं होतं. १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशननं त्यांच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्यांचीही हाडं उकरून जाळली. त्या बागेत बाकावर बसून मी कितीदा भेळ खाल्लीय, पण हे फार उशिरा वाचलं.

आत्ता आईला फोन केला. अलिबागला सकाळचे साडेसहा, तिचा चहा चालू होता. वाळूचं सांगितलं. ती म्हणाली, त्यात काय, आपल्या इस्राएल आळीतले लोकही नवगावच्या वाळूवरच उतरले, गलबत फुटून. तिला शनिवार तेली, म्हणजे कोकणातले तेल गाळणारे ज्यू, आठवतात, शेजारच्या आजींचं लुगडं, त्यांचं आमच्यासारखंच मराठी आठवतं. त्या कोकणातल्या लोकांना पावलं लपवावी लागली नाहीत. शनिवारी घाणा बंद, एवढंच गावाला ठाऊक.

मग तिनं विचारलं, ‘तिथे मलिदा करतात का गं? पोहे, खोबरं, साखर घालून?’

विचारायचं राहिलं. उद्या शुक्रवार, संध्याकाळच्या प्रार्थनेला पाहुण्यांना बसू देतात. विचारून येते म्हटलं. सँडलऐवजी बूट घालीन, म्हणजे हात पट्ट्याकडे जायचा नाही.